दुसरी सिस्टर

वॉर्डात खाटा तीस आणि सिस्टर एकटी. वर्षभर अर्ज करकरून विजयमाला सिस्टरचे हात दुखले, तेव्हा कुठं बीडहून साहेब आले. सोबत दुसरी सिस्टर नव्हती, ताण घालवणारा व्हीआर चष्मा होता.

"हा लावा अन् वीस मिनिटं धबधब्याखाली बसा. मन कसं गार होतंय बघा."

"साहेब, मी धबधब्याखाली बसले अन् इकडं कुणाची सलाईन संपली, तर त्यानं हाक कुणाला मारायची?"

साहेबांना प्रश्न लई पटला. त्यांनी तो डायरीत उतरवून नेला आणि आठवड्याच्या आत पेशंटांसाठी तीस चष्मे धाडले.

 

लावला, की उशाशी एक हसरी सिस्टर उभी दिसते.