शार्दूलविक्रीडितात बसणारा जावई

सिद्रामप्पाचं स्थळ चहा निवायच्या आत परत गेलं. मुलगा इंजिनियर, घरची द्राक्षबाग, बोलायलाही गोड. पण गुरुशांत सरांनी बोटांवर लघू-गुरू मोजले आणि मान हलवली. चारही अक्षरं गुरू, मंगलाष्टकात बसणार नाहीत.

सरांनी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. सोलापुरात ओळखीच्या कुठल्याही लग्नात मंगलाष्टकं त्यांचीच आणि वृत्त एकच, शार्दूलविक्रीडित. एकुलत्या एका मुलीच्या अक्षतांना वधूवरांची नावं एकाच ओळीत बिनचूक यायला हवीत, असा त्यांचा हट्ट होता. नाव मोडायचं नाही, ओढायचं नाही.

सरांचे थोरले भाऊ महादेवप्पा स्थळं आणून थकले. शिवशरण गेला, पाचही अक्षरं लघू. बसवराज गेला. वैतागून त्यांनी एकदा दुसरं वृत्त घ्यायला सुचवलं, तर सर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. गल्लीत लोक हसायला लागले.

सरांची मुलगी सिद्धेश्वरी मात्र खुशीत होती. ऑफिसात तिच्या समोरच्या टेबलावर जेऊरचा बिभीषण बसायचा. मेंढपाळाघरचा मुलगा, जात वेगळी. घरी सांगायची तिची छाती नव्हती. म्हणून ती गुपचूप वृत्ताचे गण शिकली. नवं स्थळ आलं की आधी नाव मोजायची आणि मग निवांत पोहे करायची.

शेवटी महादेवप्पाच व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसले. वळसंगचा रेवणसिद्ध त्यांनी घरूनच मोजून आणला.

"तिसऱ्या अक्षरापासून सातव्यापर्यंत बरोब्बर बसतोय," ते म्हणाले. "लई घाम गाळलाय, गुरू. आता न्हाय म्हणू नकोस."

सिद्धेश्वरीनं स्वयंपाकघरात बोटं मोजली. बसत होतं. पुन्हा मोजलं, तरी बसत होतं. आज गप्प राहिलं तर रविवारी साखरपुडाच, हे तिला कळलं. ती बाहेर येऊन वडिलांना म्हणाली,

"अप्पा, बिभीषण मोजून बघा की."

हा कोण, कुठला, कुणाचा, हे महादेवप्पांनी खोदून खोदून विचारलं आणि तिनं रडत रडत सांगितलं. ते ताडकन उठले. पाव्हण्यांत तोंड कसं दाखवायचं, असं त्यांनी तीन वेळा विचारलं. सर डोळे मिटून बोटं हलवत होते. मग त्यांनी ओळ चालीवर म्हटली.

"दारी मंडप हा, बिभीषण उभा, सिद्धेश्वरी लाजते."

आपला रेवणसिद्धही बसतोय, असं महादेवप्पांनी बजावलं.

"बसतोय ना," सर म्हणाले. "पण नवरीपासून पाच अक्षरं लांब. बिभीषण दोनच."

दोन वर्षं ज्या नियमापुढे महादेवप्पांनी मान तुकवली, तो आता मोडता येईना. ते धुसफुसत खाली बसले.

लग्न झालं. माइक सरांनीच धरला होता. त्या ओळीला त्यांचा आवाज कापला, तरी एकही मात्रा चुकली नाही.

पाठवणीआधी सिद्धेश्वरी वडिलांशेजारी येऊन बसली. तिला राहवेना. बिभीषणचं नाव बसलं नसतं तर काय केलं असतं, असं तिनं विचारलं.

"वृत्त बदललं असतं," सर म्हणाले. "तसा सिद्रामप्पाही मंदाक्रांतेत पहिल्या चार अक्षरांतच बसत होता. तूच बोलायला दोन वर्षं लावलीस."