भिंतीला धरून

"भिंतीला हात लावू नकोस," तिनं मुलीला पुन्हा बजावलं.

गुहेच्या भिंतीवरून पाणी झिरपत होतं आणि त्यावर हिरवट, बुळबुळीत थर चढला होता. त्या थरातही कोणीतरी नखानं बदाम कोरून आत दोन अक्षरं लिहिली होती. कठडा ओला. पायाखाली चघळून थुंकलेलं च्युइंगम. वर वटवाघळं, खाली त्यांची विष्ठा आणि मधे तिकीट काढून आत आलेली माणसं. सकाळी किल्ला झाला होता. तिथं कैद्यांच्या कोठडीत वेफर्सची पाकिटं आणि मुताचा वास. गुहा तरी बरी असेल, असं तिला वाटलं होतं.

"आई, ही भिंत रडते का?"

"रडू दे. तू हात लावू नकोस. घाण आहे." तिनं ओल्या टिश्यूनं मुलीचे कोरडे हात पुसले.

"अगं, सोलून काढशील तिला," नवरा हसला. "गुहा आहे ही, ऑपरेशन थिएटर नाही."

"आत्ता कुठं तापातून उठलीय. परत पडली तर उशाशी कोण बसणार? तू?"

"बरं बाई." त्यानं मुलीला उचलून खांद्यावर बसवलं. "घे. आता फार तर माझा कोंडा लागेल तिला."

तिला हसू आलं नाही, पण हायसं वाटलं. शेजारी कोणाचं तरी पोरगं आइस्क्रीम खात होतं. ओघळ कोपरापर्यंत गेलेले, आणि मधूनच ते हात खुशाल कठड्याला पुसत होतं. त्याची आई फोटो काढण्यात गुंग.

गाइडनं टाळी वाजवली. "आता दिवे बंद! खरा अंधार काय असतो ते बघा. नवरा-बायकोंनी हात धरा, आपापलेच धरा." लोक खिदळले. "आणि छोट्या मंडळींनी तोंडावर बोट. जो बोलेल, त्याला वटवाघूळ उचलून नेईल."

दिवे गेले.

डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळेना. कोणीतरी भुताचा आवाज काढला, कोणी शिट्टी मारली. वास मात्र दुप्पट झाला. ती नाकाला रुमाल लावून, अंग चोरून उभी राहिली.

तेवढ्यात तिच्या मोकळ्या हातात एक हात शिरला. लहानसा, गार, बुळबुळीत.

"शी!" तिनं तो झटकून टाकला. "जा, आपल्या आईकडे जा!"

हात परत आला. चाचपडत, तिचं बोट शोधत. या वेळी तिनं कोपरानं ढकललं. काहीतरी चिकट तिच्या बाहीला लागलं. सांभाळता येत नाहीत, तर आणतात कशाला पोरं?

मग हात आला नाही.

दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आइस्क्रीमवालं पोरगं लांब, आपल्या आईच्या कडेवर होतं. मागे नवरा मान चोळत उभा होता. "अंधार झाल्या झाल्या चुळबुळ करायला लागली. तुझ्याकडे यायचं असेल म्हणून उतरवलं."

मुलगी तिच्या समोरच होती. एका हाताचं बोट अजून ओठांवर. दुसरा तळवा मनगटापर्यंत हिरवा, आणि तो तिनं फ्रॉकपासून लांब धरला होता, आईनं शिकवलं होतं तसा.

"भिंतीला... हात का लावलास गं?"

मुलीनं आधी वर वटवाघळांकडे पाहिलं. मग ओठांवरचं बोट काढलं.

"तू दिसत नव्हतीस. भिंतीला धरून धरून आले."

आई उकिडवी बसली. तिनं दोन्ही हात पुढे केले.

मुलीनं हिरवा हात पाठीमागे नेला.

"हात नको लावूस," ती हळूच म्हणाली. "घाण आहे."