पाटीवाली माई

पहिली वीट अनुपमच्या खांद्यावर बसली, दुसरी कानशिलावर. आपणच घडवलेल्या बाईच्या पायाशी तो कोसळला.

बाई भेडाघाटच्या संगमरवराची. डोक्यावर पाटी घेतलेली मजूर. कॉलेजच्या आवारात उभी करायला अनुपमने ती सोळा महिने कोरली होती. वर्षभरात तिच्या कपाळावर कुंकू आलं, मग शेंदूर, मग पायाशी सिमेंटात रोवलेला त्रिशूळ. लोक तिला पाटीवाली माई म्हणू लागले. आज सकाळी अनुपम छन्नी-हातोडा घेऊन तो त्रिशूळ उपटायला बसला, एवढाच त्याचा गुन्हा.

"मैया को हाथ लगाया तूने," म्हणत विक्कीने त्याच्या बोटांवर टाच रगडली. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. पाय अनवाणी. माईची जागा म्हणून मारायला आलेल्या सगळ्यांनीच चपला बाजूला काढून ठेवल्या होत्या. दोन बोटं मोडली, ते अनुपमला ऐकू आलं.

"बाई आहे ती, विक्की. रेती वाहणारी बाई."

लाथ पोटात बसली. तोंड रक्ताने भरलं.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. ऑफिसातल्या कुंदाताई येत होत्या. रोज माईला जास्वंद वाहिल्याशिवाय घोटभर पाणी न पिणाऱ्या. मुलांनी त्यांना अदबीने वाट दिली. त्यांनी खाली पडलेला हातोडा उचलला. आता याही, असं अनुपमच्या मनात आलं आणि त्याने डोळे मिटले.

घाव पडला. त्याला काही लागलं नाही. डोळे उघडले तर माईचं नाक त्याच्या छातीवर येऊन पडलं होतं. कुंदाताईंनी पुन्हा हातोडा उगारला. पाटी धरलेला हात कोपरापासून निखळला.

कुणीतरी भिरकावलेल्या दगडाने त्यांची भुवई फुटली. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"खंडित मूरत नहीं पुजती, भैया," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अब किसके लिए मार रहे हो?"

विक्कीच्या हातातली वीट खाली आली. एकेक जण आपापल्या चपला शोधू लागला.

कुंदाताई खाली बसल्या आणि पदराने अनुपमचं तोंड पुसू लागल्या.

"काहून तोडली, ताई?" तो रडत होता. "तुमची तर देवी होती ती."

"नाही रे भाऊ. एका मंगळवारी देवळात जाणं झालं नाही. नेम मोडू नये म्हणून पहिलं कुंकू मीच लावलं होतं."