लोणच्याच्या दुकानातल्या आजी

“इथे चालता चालता खात नाहीत गं. दुकानापाशी उभं राहून संपवायचं,” जपानी शिकलेल्या नवऱ्याने बजावलं.

“राहू दे रे. तोंडात खाऊ असला की हा हात सोडून पळत नाही,” मी म्हटलं. क्योतोच्या त्या छपराखालच्या अरुंद बाजारात मला धास्ती एकच होती, तीन वर्षांचा कैवल्य हरवायची.

हात घट्ट धरला होता, तरी तो अडखळला. तांदळाच्या पिठाचे गोड गोळे ओवलेली बांबूची काडी तोंडात तशीच. ती घशात घुसणार, तोच लोणच्याच्या दुकानातल्या आजींनी झेपावून काडी ओढून घेतली आणि स्वतः गुडघ्यावर आपटल्या.

कैवल्यने भोकाड पसरलं. आजी फरशीवर बसूनच त्याच्यापुढे वाकल्या, काहीतरी पुटपुटल्या.

“घाबरवलं म्हणून त्याची माफी मागतायत,” नवरा म्हणाला.

लंगडत आत जाऊन आजींनी स्टूल आणलं, कैवल्यला बसवलं आणि उरलेला गोळा बशीत दिला.

संध्याकाळी आमचं विमान होतं. तुमच्यापैकी कुणी क्योतोला गेलं, तर हिरव्या पडद्याच्या त्या दुकानात डोकावा. आजींचा गुडघा बरा आहे का, तेवढं मला कळवा.