आतली कडी

शेषरावाचा फायदा उघड होता: दाराचं भोक स्वतःच बुजवलं, की जैनुद्दीन मिस्त्रीला परत बोलावून त्याचे टोमणे ऐकायला नकोत. शेषरावाच्या अकोल्यातल्या सायकल दुकानाला मिस्त्रीनं नवं दार बसवलं आणि आतल्या कडीजवळ हात जाईल एवढं भोक तसंच सोडून तो अचलपूरला निघून गेला. शेषराव दुपारी कडी लावून निजला, तरी कोणीही बाहेरून हात घालून ती काढली असती.

त्यानं भोकात बाहेरून लाकडी गुटका ठोकला. रात्री बाहेरून कुलूप लावून घरी गेला. सकाळी कुलूप जागच्या जागी अन् गुटका रस्त्यावर पडलेला. पुन्हा ठोकला, पुन्हा तेच.

"या पोट्ट्यायनं डोकं खाल्लं माह्यं!"

"पोट्ट्यायनं ढकलला असता त आत पडला असता ना जी," बायको मनकर्णा म्हणाली. "हा आतून कोनी ढकलून राह्यलं."

"आत तुहा बाप बसला हाय काय? नुसत्या सायकली हायेत!"

चिडून त्यानं गुटक्यावर लोखंडी पट्टी ठोकली. आता हात आत जायची सोय उरली नाही. मग त्यानं दाराचं कुलूप काढलं.

दार ढकलणार, तोच आतून कडी सरकून लागली. सावकाश, शेवटपर्यंत.

कुलूप अन् किल्ली शेषरावाच्या हातात राहिली. दुकान आतल्याला मिळालं.