वीस तारखेची पेटी

भिंतीवरची घंटा दोनदा लांब आणि एकदा आखूड वाजली, तशी व्हर्ना कलव्हरनं पिठाचे हात एप्रनला पुसले आणि टेलिफोन उचलून कानाला लावला. घंटा तिच्या घरची नव्हती. बहिऱ्या हॅस्क म्हाताऱ्याकडची होती. म्हणजे त्याच्याकडे खोली घेऊन राहणाऱ्या शाळेच्या रेम बाईंची.

एका तारेवर आठ शेतं. घंटा कोणाचीही असो, आठही घरांत वाजायची. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हा नियम आठही घरं सारख्याच निष्ठेनं मोडायची. जितके कान जास्त, तितका आवाज बारीक व्हायचा, एवढाच काय तो तोटा.

दहा मिनिटं व्हर्ना जागची हलली नाही. टेलिफोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"एमेट, आता मात्र हद्द झाली! पेटी भरून तयार आहे म्हणे. जरासुद्धा धक्का लागता कामा नये. वीस तारखेला भाऊ रेल्वेनं घेऊन येणार. आणि तोवर कोणाला सुगावा लागू द्यायचा नाही!"

तिच्या नवऱ्यानं एक बूट काढला होता, तो हातातच राहिला. "वीसला तर आपले घोडे निघणार."

युरोपात इंग्लंड-जर्मनीच्या लढाईचा हा तिसरा हिवाळा. अमेरिका अजून काठावरच उभी होती. पण आयोवाचे घोडे इंग्लंडच्या फौजेसाठी दर महिन्याला नदीवरचा पूल ओलांडून पूर्वेला जात होते. एक पूल उडाला की संपलं.

"ओटिलिए रेम! नावच जर्मन, त्यातच सगळं आलं," व्हर्ना म्हणाली. "असल्या लोकांच्या हाती आपली पोरं द्यायची? घालव तिला, एमेट. माझ्यासाठी घालव."

तिनं उठून दाराला कडी घातली. शिकागोच्या एका खानावळीत भेटलेली ही केंटकीची अनाथ पोर अठरा वर्षांच्या संसारात कधी वादळाला घाबरली नव्हती. एमेटला तिची फार दया आली. तो शाळा समितीचा अध्यक्ष होता. त्यानं शनिवारी दुपारची बैठक बोलावली.

शाळेत सगळी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली. रेम बाई फळ्यापाशी एकट्याच उभ्या होत्या. आज काढून टाकलं तर आजूबाजूच्या तीन परगण्यांत त्यांना कोणी दारात उभं करणार नव्हतं, आणि आईचं पोट त्यांच्याच पगारावर होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

व्हर्नानं सगळं जसंच्या तसं सांगितलं. पेटी, धक्का, भाऊ, वीस तारीख. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"काहीतरी शिजतंय, एवढं नक्की," पलीकडच्या शेतावरची लॉटी टटल म्हणाली. "मीही ऐकते की!"

"तू नाही ऐकणार तर कोण ऐकणार?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे खो खो हसले.

"बाई, तुमचं काय म्हणणं?" एमेटनं विचारलं.

"पेटीत आजीची काचेची भांडी आहेत," रेम बाई म्हणाल्या. "वीसला माझ्या बहिणीचं लग्न. तिला आधी कळू द्यायचं नव्हतं, इतकंच."

"कशावरून?"

"माझ्या आईला बोलावून विचारा. फक्त दुभाषा आणावा लागेल. पंचवीस वर्षं झाली इथे येऊन, पण तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही. आम्ही टेलिफोनवर बोलतो ते सगळं जर्मनच."

"अगं बाई, म्हणून होय!" लॉटीनं कपाळावर हात मारला. "आणि मी मेली तारेला शिव्या देत होते! सहा महिने कान लावून बसतेय, एक शब्द कळला असेल तर शपथ!"

पुन्हा हशा पिकला. रेम बाईंनासुद्धा हसू आलं. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो एमेट. मग हसता हसता तो थांबला आणि बायकोकडे वळला. ती मान खाली घालून बसली होती.

"व्हर्ना," त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "मग तुला गं कसं कळलं?"