तोंडाची खूण

"कारिआकोंतेसिदो," मास्तर आबुन्दियो पत्ते वाटता वाटता युतिमियोकडे बघून म्हणाले. "कारा म्हणजे चेहरा, आकोंतेसिदो म्हणजे घडलेलं. चेहऱ्यावर काहीतरी घडून गेलेला माणूस. आपण नुसत्या उतरलेल्या तोंडालाही म्हणतो. पण पहिल्यांदा कुणाला बघून जोडला असेल हा शब्द?"

"तुम्हाला. हातातले पत्ते बघितल्यावर," सातुरियो म्हणाला.

मास्तरांचा भाऊ खो खो हसला. युतिमियो हसला नाही. तो सातुरियोचा शाळेपासूनचा जोडीदार. दर रविवारी जेवण झालं की दोघं बारमधल्या याच टेबलावर मास्तर आणि त्यांच्या भावाविरुद्ध मुस हा पत्त्यांचा स्पॅनिश खेळ खेळायला बसत.

मुसमध्ये जोडीदाराला तोंडाने खुणा करायची मुभा असते. खोटी खूण मात्र कुणी करत नाही. करणाऱ्याबरोबर गावात पुन्हा कुणी खेळायला बसत नाही.

युतिमियोचं तोंड एका बाजूला वाकडं झालं. म्हणजे तीन सारखे पत्ते. सातुरियो मनात खूश झाला. पण लगेच युतिमियोची एक पापणीही उतरली, आणि ती खूण अगदीच वेगळी. नक्की कुठली खरी? मास्तर समोर बसलेत आणि हा बाबा काही लपवतसुद्धा नाही.

"सारख्या पत्त्यांची जोडी आहे का?" मास्तरांनी खेळाच्या नियमाप्रमाणे विचारलं.

युतिमियोच्या घशातून कसलासा आवाज आला.

"आहे म्हणतोय," सातुरियो म्हणाला आणि त्याने सगळा खेळ एकाच डावावर लावला.

"बघू तर," मास्तर म्हणाले.

युतिमियोच्या बोटांतून पत्ते सांडले. चारी वेगळे होते.

सातुरियोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खोटी खूण केलीस? माझ्याशी?"

युतिमियोने सांडलेल्या पत्त्यांकडे बघितलंही नाही.

"हरलो ना आता, लेका. आता तरी तोंड सरळ कर."

तोंड वाकडंच राहिलं. आपलं काय चुकलं ते विचारावं तसा तो एका डोळ्याने सातुरियोकडे बघत होता.

मास्तरांचा भाऊ खुर्ची पाडून डॉक्टरांच्या घराकडे धावला. सातुरियोला रागवायचं की रडायचं कळेना.

"मास्तर, याच्या चेहऱ्यावर काहीतरी घडलंय हो."



सातुरियोने अंगठ्याने जोडीदाराच्या ओठाचा कोपरा हळूच वर उचलला. सोडला, तसा तो पुन्हा खाली आला.